भाड्याच्या घरात दर पावसाळ्याला तीच भिंत ओली होते? रंगाऱ्याला बोलवायच्या आधी हे बघा

दिवाळीला रंग दिला. जुलैत पुनर्वसूची झड लागली आणि भाडेकरूचा फोटो आला: तीच भिंत, तोच कोपरा, रंगाला फुगे आलेले, फरशीवर पांढरी पूड. गवंड्याला बोलावलं. त्यानं वर बघून "वैनी, स्लॅबातनं गळायलंय" म्हणून सांगितलं, गच्चीवर काहीतरी फासलं, पैसे घेऊन गेला. पाऊस ओसरला, भिंत सुकल्यासारखी दिसली, दसऱ्याला परत रंग. पुढच्या जुलैत परत फोटो.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं ज्यांच्या दोन-चार खोल्या भाड्यानं आहेत त्यांना हे नवीन नाही. काहीजण घराचा स्वभावच तसा म्हणून सोडून देतात. काहीजण भाडेकरू सोडून जाताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापतात आणि मग दारात उभं राहून भांडण होतं. मी बेळगावच्या शहापुरातलं सासरचं जुनं घर आणि टिळकवाडीतला वरचा मजला, दोन्ही भाड्यानं देते. नणंदेचं खानापूरचं घरही मीच बघते. त्या अनुभवावरून सांगते: भिंतीत पाणी शिरायच्या वाटा पाच-सहा आहेत, प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे, आणि एकीचा इलाज दुसरीला शून्य उपयोगाचा. गच्ची डोळ्यांना दिसते म्हणून आपण दर वेळी गच्चीवरच खर्च करतो.

दिवाळीचा रंग का टिकत नाही

हे आधी सांगते, कारण सगळ्यांत जास्त पैसा इथंच वाया जातो.

विटांची भिंत वरून हाताला कोरडी लागली तरी आत ओली असते. पूर्ण भिजलेली भिंत वाळायला इंचाला साधारण एक महिना, असा बांधकामातला ठोकताळा आहे. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी वाळते असं धरलं तरी चार-साडेचार महिने. सप्टेंबरअखेर पाऊस थांबला तर ती भिंत फेब्रुवारीत कोरडी होणार. आपण मात्र दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर, म्हणजे भिंत आतून ओलीच असताना, तिच्यावर पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट चढवतो. आतलं पाणी बाहेर पडायला बघतं आणि जाताना गिलाव्यातले, विटांतले क्षार पृष्ठभागावर आणून सोडतं. तोच लोणा. रंगाच्या मागं तो साचला की रंगाला ढकलून देतो. म्हणून कितीतरी वेळा दिवाळीचा रंग पावसाची वाटही न बघता संक्रांतीलाच फुगतो.

सणाला घर उजळ दिसावं असं भाडेकरूला वाटणं बरोबर आहे. त्याला स्पष्ट सांगावं: आत्ता पोपडे खरवडून साधा चुना किंवा डिस्टेंपरचा एक हात देते, पक्कं काम मार्चात. चुना श्वास घेतो, भिंतीला वाळू देतो. बहुतेक भाडेकरू ऐकतात, कारण पुन्हा सामान हलवायचा कंटाळा त्यांनाही असतोच.

आधी भाडेकरूला विचारा

तुम्ही त्या घरात महिन्यातून एकदा जाता, तो रोज राहतो. पण ओल दिसली की मालक आपल्यावरच ढकलणार या भीतीनं कितीतरी जण ती लपवतात. ओलीवर कॅलेंडर टांगतात, कपाट पुढं सरकवतात. म्हणून पहिलं वाक्य हे असू द्या की ओलीचे पैसे डिपॉझिटमधून जाणार नाहीत. मग विचारा.

पाऊस सुरू झाल्यावर किती वेळानं डाग वाढतो? दोन-तीन दिवस उघडीप मिळाली तर कमी होतो का? डाग वरून खाली उतरतो, खालून वर चढतो, की मधेच आहे? नळाला पाणी आलेल्या दिवशी जास्त होतो का? हा शेवटचा प्रश्न मुंबई-पुण्याच्या माणसाला विचित्र वाटेल. बेळगावात तो सगळ्यांत कामाचा आहे, का ते पुढं सांगते.

डागाच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहायला सांगा आणि दर आठवड्याला एक फोटो. एवढ्यानं निम्मं निदान घरी बसून होतं. पेन्सिलीच्या रेघांना घाबरू नका, भिंत रंगवायचीच आहे.

गच्ची

सगळे इथंच आधी पळतात, म्हणून थोडक्यात.

छताला डाग असेल, पाऊस सुरू झाल्यावर काही तासांत वाढत असेल आणि उघडीप मिळताच फिका पडत असेल तर गच्चीवर संशय घ्या. पण जिथं थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भेग असेल असं समजू नका. स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपांतून पाणी खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला येतं आणि पंख्याच्या हुकातून टपकतं. गच्चीची सपाटी सहसा निर्दोष असते. दोष असतो कडांना: पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅब मिळतात तो कोपरा, पावसाळी पाइपचं तोंड, टाकीचे चबुतरे, सोलरचे बोल्ट. आणि भाडेकरूनं डिश अँटेना बसवताना मारलेली भोकं. आधीचा भाडेकरू डिश काढून नेतो, भोकं तशीच राहतात. माझ्या करारात आता डिश फक्त पॅरापेटच्या आतल्या बाजूला, असं एक ओळीत लिहिलेलं असतं.

खात्री करायची तर पाइपची तोंडं बुजवून गच्चीत इंच-दीड इंच पाणी दोन दिवस कोंडून बघतात. हे नव्या, धडधाकट स्लॅबवरच करा. दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला पन्नास किलो वजन, हजार चौरस फुटांच्या गच्चीवर साडेचार टनांच्या वर. जुन्या, सळ्या उघड्या पडलेल्या स्लॅबवर हा प्रयोग नको.

दुरुस्तीत आधी उतार बघा. दहा फुटांना निदान सव्वा ते दीड इंच उतार पाइपकडं हवा. उतारच नसेल तर कितीही महागडं कोटिंग त्या डबक्याखाली दोन-तीन वर्षांत सोलतं. पॅरापेटच्या कोपऱ्यात काटकोन न ठेवता सिमेंटचा गोलावा भरून घ्या, ज्याला गवंडी वाटा म्हणतात. जुन्या सुटलेल्या थरावर नवा थर फासू देऊ नका, तो आधी काढायला लावा. पांढरा, ऊन परतवणारा रंग म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे, हेही लक्षात ठेवा. दुकानदार दोन्ही एकाच दमात सांगतात.

गच्चीवर सरसकट पत्रा मारायची आपल्याकडं आता पद्धतच पडली आहे. काम करतो, नाकारत नाही. पण स्लॅबची ओल थांबली तरी भिंतीची थांबत नाही, वाऱ्यानं पत्रा उचलला तर शेजाऱ्याच्या अंगावर जातो, आणि बाजू बंद करून खोली केली तर महापालिकेची परवानगी लागते. छोट्या गळतीसाठी एवढा खर्च मला पटत नाही.

पश्चिमेची भिंत

आपल्या भागात बहुतेक वेळा खरी गुन्हेगार हीच. बेळगाव सह्याद्रीच्या अगदी कडेवर, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. चोर्ला आणि कणकुंबीकडून जो वारा येतो तो पाऊस आडवाच घेऊन येतो. अथणी-रायबागकडं घर असेल तर हा भाग सोडून दिला तरी चालेल, तिथं ओल असली तर बहुधा नळाची. पण बेळगाव-खानापूर पट्ट्यात पश्चिम आणि नैऋत्येच्या भिंती जून ते सप्टेंबर रोज मार खातात. मलप्रभेचा उगम जिथं होतो त्या कणकुंबीच्या बाजूला जुनी माणसं पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचा किंवा गवताचा आडोसा बांधायची, ते उगाच नव्हे. आपण त्या जागी चकचकीत भिंत उघडी ठेवली आणि छज्जा दीड फुटाचा केला.

ओळख अशी: डाग खोलीच्या पश्चिम भिंतीवर, छताशी संबंध नसलेला, खिडकीच्या कोपऱ्याशी किंवा कॉलम-बीमच्या रेषेत सरळ उभा-आडवा. वारा पडला आणि नुसता सरळ पाऊस झाला तर डाग वाढत नाही.

कॉलम-बीमच्या रेषेत भेग येते कारण काँक्रीट आणि वीट उन्हा-थंडीत वेगवेगळ्या मापानं हलतात. गिलावा करताना त्या सांध्यावर जाळी मारायची असते, ती खर्च वाचवायला मारत नाहीत. दुरुस्ती बाहेरूनच करायची: भेग इंग्रजी व्हीच्या आकारात कापून, साफ करून, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरायची, सांध्यावर जाळी घालून गिलावा, मग बाहेरचा ताणला जाणारा रंग. आतून वॉटरप्रूफ कोट देणारे खूप भेटतील. आतून दिलेला कोट म्हणजे पाणी भिंतीत कोंडणं. ते बाजूच्या खोलीत निघतं.

खिडकी वेगळी तपासा. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीला खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती धुळीनं बुजली की पट्टी भरते आणि पाणी आत सांडतं. भाडेकरूला जुनी टूथब्रश घेऊन मे महिन्यात ती साफ करायला सांगा. खिडकीखालच्या कट्ट्याचा उतार बाहेर आहे की आत, हेही हाताने बघा. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून इंचभर आत, लांबीभर खाच हवी. ती नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटावरून उलटं वाहत भिंतीला येतं.

खात्री करायला पावसाची वाट बघायची गरज नाही. मार्चात बागेची नळी घेऊन भिंतीवर पाणी मारा, पण खालून वर जात. आधी खालचे तीन फूट अर्धा तास, मग खिडकीची पातळी, मग वरचा सांधा. आत एकानं बसून बघायचं. वरून सुरुवात केली तर सगळीच भिंत भिजते आणि काहीच कळत नाही.

बोळ

शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या गल्ल्यांत दोन घरांमध्ये फूटभराचा बोळ असतो. त्या बाजूला कुणीच गिलावा केलेला नसतो, कारण माणूस आत जाऊच शकत नाही. दोन्ही छपरांचं पाणी तिथं पडतं आणि दोन्ही घरांच्या भिंती पितात. आतून काहीही करा, फरक पडणार नाही. बोळाच्या तोंडावर वरून पत्र्याची टोपी बसवून पाणी पुढच्या गटारीकडं वळवणं हा एकच स्वस्त उपाय. त्याला शेजाऱ्याची संमती लागते. पैसे तुम्ही घालणार म्हटलं की संमती लवकर मिळते.

पाणी आलेल्या दिवशी वाढणारी ओल

राकसकोप आणि हिडकलचं पाणी शहरात येतं. २००८ पासून काही वॉर्डांत चोवीस तास आहे. बाकीच्या भागांत अजून काही दिवसांआड आणि बऱ्याचदा भलत्या वेळी. म्हणून प्रत्येक घरात खाली संप, म्हणजे जमिनीतली टाकी, आणि वर गच्चीवर टाकी. पाणी रात्री दोनला आलं तर कुणी उठत नाही, कॉक उघडाच असतो, टाकी भरून वाहते. ते पाणी टाकीच्या चबुतऱ्यापाशी स्लॅबवर साठतं किंवा ओव्हरफ्लोच्या पाइपातून भिंतीवर सांडतं. पावसाळ्यात हे पावसाच्या नावावर खपून जातं. मार्चातही डाग दिसत असेल तर पाऊस निर्दोष आहे.

पडताळा सोपा. पाण्याच्या दिवसांवर कॅलेंडरमध्ये खूण करा, डागाच्या फोटोंच्या तारखा शेजारी ठेवा. जुळले तर टाकीला तरंगता कॉक बसवा आणि ओव्हरफ्लोचा पाइप भिंतीपासून दूर, दिसेल असा, मोरीत सोडा. सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती हीच, आणि हिचाच विचार शेवटी होतो.

पाइप गळतो का हे बघायचं तर रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीला खूण करा, सकाळी बघा. मीटर असेल तर नळ बंद असताना मीटरचा काटा हलतो का ते बघा. वरच्या मजल्याच्या बाथरूमखाली डाग असेल तर न्हाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) सांध्यावर संशय घ्या: बाथरूमच्या तळाला रंगीत पाणी तासभर थांबवून ठेवा, रंग खाली दिसला तर कळलंच. वरच्या आणि खालच्या भाडेकरूंमधलं अर्धं भांडण यानं मिटतं. "तुम्ही वर पाणी सांडता" हा आरोप आम्ही टिळकवाडीत दोन वर्षं ऐकला. सांडणारं कुणी नव्हतं, ट्रॅपचा सांधाच उसवला होता.

जुन्या घरात खालून चढणारी ओल

चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) किंवा दगड-मातीच्या जुन्या भिंती, जोत्यावर ओल रोखणारा थर नाही. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं, सहसा तीन-चार फुटांपर्यंत, आणि त्या उंचीवर लोण्याची, म्हणजे क्षारांची, नागमोडी पट्टी सोडतं. वरची भिंत मात्र कोरडी ठणठणीत. ही ओल पाऊस थांबला तरी महिनोन्‌महिने तशीच राहते.

बाहेर जाऊन आधी जमीन बघा. रस्त्यावर दर वेळी नवा थर पडतो, रस्ता वर येतो, जोतं खाली राहतं. अंगणातल्या फरशीवर फरशी चढते. जिथं घरात शिरायला दोन पायऱ्या चढाव्या लागायच्या तिथं आता एकच उरली असेल तर कारण सापडलं. भिंतीलगत फूटभर रुंदीची माती किंवा फरशी उकरून पातळी खाली घ्या, तिथं खडी भरा, उतार गटारीकडं द्या. कुंड्या आणि भिंतीला टेकलेली माती हलवा. तुळशी वृंदावनाचं पाणीही भिंतीकडं जात असेल तर वाट बदला.

आणि आतून सिमेंटचा गिलावा मारू नका. चिरा सच्छिद्र असतो, मातीचा सांधाही. जुन्या भिंती चुन्याच्या गिलाव्यातून पाणी बाहेर टाकत होत्या. आपण "मजबूत" म्हणून चार फूट सिमेंट मारतो, त्यावर ऑइल पेंट. पाण्याला मागं जायला जागा नाही, म्हणून ते सिमेंटच्या वर, पाचव्या फुटावर निघतं. मग पाच फूट सिमेंट. शहापूरच्या गल्लीत अशी घरं मी बघितली आहेत जिथं सिमेंट छातीपासून सुरू होऊन छताला टेकलंय. सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करणारा गवंडी आज शोधावा लागतो, पण मिळतो. जुन्या देवळांच्या दुरुस्तीला जाणाऱ्यांना विचारा. भिंतीत भोकं पाडून रसायन भरण्याचा इलाज विटांच्या भिंतीत बरा चालतो. दोन फुटी दगड-मातीच्या भिंतीत आत पोकळ्या असतात, रसायन कुठं गेलं ते कळतच नाही, त्यामुळं त्यावर मी पैसे घालणार नाही.

कौलारू घराला एवढंच: कौलं मे महिन्यात परतून घ्या, वानरांनी सरकवलेली बघा, आणि पुढं स्लॅब मागं कौलं असं अर्धं-अर्धं घर असेल तर त्या दोघांच्या सांध्यावरची पन्हळ पहिल्यांदा तपासा. पत्रा तिथंच गंजतो.

बाहेरून न आलेलं पाणी

चार विद्यार्थी एका खोलीत, खिडक्या बंद, आत दोऱ्यांवर ओले कपडे, कोपऱ्यात गॅस किंवा इंडक्शनवर मॅगी. जुलैभर. भिंतीवर काळे ठिपके येतात, पोपडे नाहीत, लोणा नाही, नुसती बुरशी. कपाटामागं आणि छताच्या कोपऱ्यात जास्त. हे पाणी खोलीतल्या हवेचं.

स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं चिकटवा, दोन दिवस ठेवा. खोलीच्या बाजूनं थेंब जमले तर हवेतली वाफ. भिंतीच्या बाजूनं फॉइल ओली तर पाणी भिंतीतून येतंय. भाडेकरूसमोरच लावा आणि काढताना तो हजर असू द्या. मग कोणाचं चुकलं यावर बोलायलाच लागत नाही.

इलाज मालकाच्याही हातात आहे. कपडे वाळत घालायला गच्चीवर किंवा जिन्यात छपराखालची जागा द्या. ती न देता "खोलीत कपडे वाळवू नका" म्हणणं निरर्थक आहे. पोरं जीन्स कुठं वाळवणार? बाथरूमला बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब.

थांबायचं नाही अशी एकच गोष्ट

ओल स्विचबोर्डापर्यंत पोहोचली असेल, बोर्डाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा पंख्याच्या हुकातून पाणी टपकत असेल, तर वाटा शोधत बसू नका. भाडेकरूला मेन बंद करायला सांगा आणि त्याच दिवशी वायरमन पाठवा. मीटरच्या पुढची वायरिंग मालकाची जबाबदारी. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर भाड्याच्या घराला तो आधी बसवा, रंग नंतर. ओल्या भिंतीनं जीव जाऊ शकतो, आणि त्या खोलीत बहुधा दुसऱ्याची मुलं राहतात.

काम कधी

पाणी कुठून येतं ते जून-जुलैत बघायचं आणि लिहून ठेवायचं. दुरुस्ती फेब्रुवारी ते एप्रिल. एप्रिल-मेचे वळीव ही फुकटची चाचणी: वळवाच्या दोन-तीन पावसांत भिंत कोरडी राहिली तर मेच्या शेवटी रंगाऱ्याला बोलवा. नवा गिलावा झाला असेल तर रंगाआधी निदान चार आठवडे जाऊ द्या. कॉलेजचे भाडेकरू बहुधा मे-जूनमध्ये बदलतात, त्यामुळं खोली रिकामी मिळते. कुटुंब राहत असेल तर काम खोलीखोलीनं करा आणि ज्या महिन्यात निम्मं घर वापरता येत नाही त्या महिन्याचं भाडं कमी घ्या. त्यांनी मागायच्या आधी तुम्ही म्हणा.

पैसे आणि करार

कर्नाटक भाडे कायदा १९९९ यादीतल्या मोठ्या शहरांत महिना ३५०० रुपयांपर्यंत आणि इतर ठिकाणी २००० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या घरांपुरता. आजची बहुतेक घरं त्याच्या बाहेर पडतात, म्हणजे तुमचा करार आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ हेच आधार. त्याच्या कलम १०८ मधल्या तीन गोष्टी माहीत असाव्यात. वाजवी झीज सोडून घर होतं तसं ठेवणं हे भाडेकरूचं काम. मालकाला योग्य वेळी येऊन पाहणी करू देणंही. आणि मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्यानं सूचना मिळूनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. करारात वेगळं लिहिलं असेल तर ते लागू. म्हणून लिहाच.

माझ्या करारात ओलीचा एक परिच्छेद असतो. त्यात असं आहे की गच्ची, बाहेरच्या भिंती, पाइप आणि वायरिंगची दुरुस्ती मालकाकडं. ओल दिसल्यापासून आठ दिवसांत भाडेकरूनं फोटोसह कळवायचं. गच्चीची जाळी साफ ठेवायची तर ज्याच्याकडं गच्चीची किल्ली त्यानं. पाहणीला यायचं तर मालकानं आदल्या दिवशी सांगायचं. मुलींना खोली दिली असेल तर मी सोबत बाईमाणूस असल्याशिवाय गवंड्याला आत पाठवत नाही, तेही लिहिलेलं असतं. खोली देताना प्रत्येक भिंतीचा फोटो दोघांच्या फोनवर, जुने डाग धरून. जुना डाग लपवून खोली दिलीत तर पहिल्याच झडीत तो दिसणार, आणि त्यानंतर त्या माणसाचा तुमच्या कुठल्याच बिलावर विश्वास बसणार नाही.

भाडेकरू बैलहोंगल किंवा गोकाकचा असेल तर हा परिच्छेद कन्नडमध्ये त्याच कागदावर खाली लिहून घ्या. करार लिहिणारे त्याला वेगळे पैसे मागतात, पण थोडेच.